एडिटरच्या फाइल ओपन-सेव्हवाल्या फंक्शन्सना कमेंट नेमक्या कशा लिहायच्या?

पहाटवारा

नमस्कार मंडळी. मी कॉम्प्युटरच्या थर्ड इयरला आहे. दिवाळीच्या सुट्टीत किलो नावाच्या छोट्या टेक्स्ट एडिटरचा कोड वाचून काढला, तो २०१६ मध्ये साल्वातोरे सानफिलिप्पोने टाकलेला, रेडिस हा डेटाबेस लिहिणारा तोच, जेमतेम हजारेक ओळींचा सी आहे, आणि तो वाचून इतका हुरूप आला की स्वतःचाच एडिटर लिहायला घेतला. आता तो बऱ्यापैकी चालतो, मी माझ्या असाइनमेंट त्यातच टाइप करतो. फाइलचं सगळं काम एकाच सोर्स फाइलमध्ये आहे, म्हणजे उघडणं, वाचणं, सेव्ह करणं, सेव्ह ॲज, बॅकअप, लॉकफाइल (फाइल कुणीतरी उघडली आहे याची खूण), पाथ सरळ करून घेणं असं सगळं मिळून ३१ फंक्शन्स झालीत.

अडचण अशी झाली की एक ज्युनिअर माझ्यासोबत काम करायला आला आणि पहिल्याच दिवशी त्याने विचारलं की दादा हे सेव्ह फंक्शन कधी -१ देतं कधी -२ देतं, यात फरक काय, आणि मला स्वतःला अर्धा तास कोड वाचावा लागला तेव्हा कुठे सांगता आलं. माझाच कोड आहे तो! तेव्हा ठरवलं की आधी सगळ्या फंक्शन्सना नीट कमेंट लिहायच्या, मगच पुढचं फीचर.

आठ लिहिल्या पण समाधान होत नाहीये. सगळ्या अशाच होताहेत:

/* फाइल सेव्ह करते. जमलं तर ०, नाहीतर -१. */

हे तर फंक्शनचं नाव वाचूनच कळतं ना. मग लिहायचं काय आणि किती? कमेंटमधून डॉक्युमेंटेशन बनवणारं डॉक्सिजन आहे ना, त्याचे ते पॅरामीटरवाले टॅग वापरायचे का? छोट्या छोट्या मदतनीस फंक्शन्सनाही लिहायच्या का? आणि मराठीत लिहिल्या तर चालतील का, कारण आम्ही दोघंही मराठीच आहोत, पण उद्या रेपो पब्लिक करायचा विचार आहे.

कातळ

तुझी अडचण मला चांगली कळते, मी बरीच वर्षं डेटा साठवण्याच्या सॉफ्टवेअरमध्येच काम करतोय आणि सुरुवातीला मीही असंच लिहायचो.

आधी हे बघ की ती कमेंट कोण वाचणार आणि कधी वाचणार. निवांत चहा पीत कुणी सेव्ह फंक्शनची कमेंट वाचत नाही. माणूस तिथे येतो तो कुणाची तरी फाइल गेलेली असते तेव्हा, किंवा त्याला स्वतःच्या कोडमधून ते फंक्शन बोलवायचं असतं आणि बिघडलं तर काय होईल याची धास्ती असते तेव्हा. म्हणजे "जमलं तर काय" हे त्याला आधीच माहीत आहे. त्याला हवंय ते "नाही जमलं तर काय". फंक्शन मध्येच फसलं तर डिस्कवर काय उरलं, जुनी फाइल शाबूत आहे का अर्धवट लिहिली गेली, मेमरीतला बफर (म्हणजे उघडलेल्या फाइलचा मजकूर) तसाच आहे का, आणि बदल झालाय असं सांगणारा फ्लॅग अजून चढलेला आहे का उतरला. फाइलच्या कोडमध्ये कमेंटची खरी जागा ही आहे.

विम या एडिटरचा कोड उघडून बघ. त्यात बफर डिस्कवर लिहिणारं मोठं फंक्शन आहे (पूर्वी फाइलआयओच्या सोर्समध्ये होतं, नंतर बफरराइटची वेगळी फाइल केली), त्याच्या डोक्यावरची कमेंट मी नव्या पोरांना मुद्दाम दाखवतो. तिथे काय सांगितलंय, तर आम्ही आमचंच बफरिंग करतो कारण सी लायब्ररीचं एफराइट फार हळू आहे. एरर आली तर मूळ फाइल परत आणायला जे शक्य आहे ते सगळं केलं जाईल, पण जबरदस्तीचा फ्लॅग दिला असेल तर मूळ फाइल गमावण्याची जोखीम आहे. बदलाचा फ्लॅग नक्की कोणत्या अटींवर उतरतो ते दिलंय. आणि मग एक ओळ अशी की या फंक्शनने फाइलनावांचा तो अमुक ग्लोबल बफर अजिबात वापरायचा नाही, कारण ऑटोराइट, म्हणजे आपोआप सेव्ह करणारी सोय, हेच फंक्शन बोलावते. ही शेवटची ओळ कोड कितीही वेळा वाचून तुला सापडणार नाही, कारण कोडमध्ये *जे नाहीये* ते कोडमध्ये कसं दिसणार? उद्या कुणीतरी भाबडेपणाने तो बफर तिथे वापरेल आणि महिन्याभराने कुणाची तरी फाइल भलत्याच नावाने सेव्ह होईल, ते टाळायला ती एक ओळ आहे.

आता तुझ्याकडे वळतो. तू सेव्ह कसं करतोस? दोन रस्ते आहेत आणि कमेंटमध्ये कुठला घेतलाय ते आलंच पाहिजे. एक म्हणजे तीच फाइल उघडून तिच्यावरच लिहायचं, किलो असंच करतो, आधी लांबी कापून घेतो आणि मग एकाच राइटमध्ये सगळं टाकतो, आणि तिथे आत कमेंटही आहे की एवढ्याशा एडिटरला जमेल तेवढं सुरक्षित व्हावं म्हणून असं केलंय, मला ती कमेंट फार प्रामाणिक वाटते. यात आयनोड (डिस्कवरची फाइलची नोंद) तोच राहतो, मालक, परमिशन, हार्डलिंक (त्याच फाइलचं दुसरं नाव) सगळं टिकतं, पण ऐन लिहिताना लाइट गेली तर जुनंही गेलं आणि नवंही नाही. दुसरा रस्ता म्हणजे त्याच डिरेक्टरीत टेंपररी फाइल बनवायची, तिच्यात लिहायचं, एफसिंक करायचं, म्हणजे डेटा खरंच डिस्कवर ढकलायचा, आणि मग रीनेम करून मूळ नावावर बसवायची. रीनेम अखंड असतं, बघणाऱ्याला एकतर जुनी फाइल दिसते नाहीतर नवी, मधलं काही दिसत नाही. पण यात सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे नुसतं बोट दाखवणारी फाइल) असेल तर तिच्या जागी साधी फाइल येऊन बसते, हार्डलिंक तुटते, आणि डिरेक्टरीत लिहायची परवानगी नसेल तर फाइलवर लिहिता येत असूनही सेव्ह फसतं. विममध्ये यासाठी बॅकअपकॉपी असा खास ऑप्शनच आहे, होय, नाही आणि ऑटो.

आणि एफसिंक का आहे तेही लिही, नाहीतर कुणीतरी "याने सेव्ह स्लो होतंय" म्हणून काढून टाकेल. २००९ मध्ये लिनक्सची ईएक्सटी४ फाइलसिस्टीम नवी होती तेव्हा बऱ्याच लोकांच्या फाइल क्रॅशनंतर शून्य बाइटच्या झाल्या होत्या, कारण प्रोग्राम रीनेम करायचे पण त्याआधी डेटा डिस्कवर ढकलायचे नाहीत आणि ईएक्सटी४ डिस्कवर जागा देणं उशिरापर्यंत लांबवायची. नंतर कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) त्यासाठी सोय केली गेली, पण आपल्या कोडने त्या भरवशावर राहू नये.

म्हणजे तुझी कमेंट साधारण अशी व्हावी:

/* बफर त्याच्या मूळ नावाने डिस्कवर लिहिते.
   त्याच डिरेक्टरीत टेंपररी फाइल लिहून, एफसिंक करून, रीनेम करते. दुसऱ्या फाइलसिस्टीमवर टेंपररी बनवू नये, तिथून रीनेम होत नाही.
   -१ : टेंपररी फाइल बनलीच नाही. डिस्कवर काहीही बदललेलं नाही.
   -२ : लिहिताना किंवा रीनेम करताना फसलं. मूळ फाइल शाबूत, टेंपररी काढून टाकलेली.
   दोन्ही वेळा बफर आणि त्याचा बदल-फ्लॅग जसाच्या तसा राहतो.
   सिमलिंक आधी सोडवून घ्यायची जबाबदारी बोलावणाऱ्याची. */

तुझ्या ज्युनिअरचा प्रश्न यात सुटला की नाही बघ.

मधुमालती

कातळ यांच्याशी बहुतेक सहमत, पण दोन गोष्टी मला वेगळ्या वाटतात.

मी ईमॅक्स एडिटरवाली आहे. तिथे फंक्शनचं डॉक्युमेंटेशन फंक्शनच्या आतच स्ट्रिंग म्हणून असतं आणि कुणीही एडिटर चालू असतानाच ते वाचू शकतं, त्यामुळे तिथे लिहिण्याची शिस्त कडक आहे. पहिली ओळ स्वतःच्या पायावर उभं राहणारं पूर्ण वाक्य असलं पाहिजे, कारण शोधताना यादीत फक्त पहिली ओळच दिसते. आणि आर्ग्युमेंटची नावं कॅपिटलमध्ये, म्हणजे वाक्य वाचता वाचताच कळतं की हा शब्द म्हणजे तुम्ही दिलेली व्हॅल्यू. ही शिस्त नुसती सांगायला नाही, चेकडॉक म्हणून तपासणारं टूलही सोबत येतं. ईमॅक्समधल्या बफर सेव्ह करणाऱ्या कमांडचं डॉक्युमेंटेशन बघ, पहिल्या ओळीत इतकंच की बदल झाला असेल तर चालू बफर त्याच्या फाइलमध्ये सेव्ह करते, आणि खाली मग बॅकअप कधी बनतो, कुठला प्रीफिक्स दिला की बनत नाही, हे सगळं सविस्तर. ज्याला घाई आहे तो पहिल्या ओळीवर थांबतो.

सीमध्ये असं आत काही नसतं, पण तू क्लँगडी (एडिटरला सी कोडची माहिती पुरवणारं टूल) वापरत असशील तर फंक्शनच्या नावावर कर्सर नेला की वरची कमेंट तिथेच पॉपअपमध्ये दिसते. म्हणून बाहेरून बोलावली जाणारी फंक्शन्स आहेत त्यांची कमेंट हेडरमध्ये डिक्लेरेशनवर टाक, बोलावणारा तिथेच बघतो. स्टॅटिक, म्हणजे त्याच फाइलपुरती, आहेत त्यांची सोर्समध्येच. आणि दोन्हीकडे तीच कमेंट कॉपी करून ठेवू नकोस प्लीज, सहा महिन्यांत दोन वेगवेगळ्या होतात आणि मग खरी कुठली ते कुणालाच माहीत नसतं.

दुसरं म्हणजे लांबी. सेव्हला दहा ओळी शोभतात, पण पाथमधला शेवटचा स्लॅश काढणाऱ्या चार ओळींच्या फंक्शनला दहा ओळी लिहिल्यास तर वाचणारा कमेंट वगळायला शिकतो आणि मग सेव्हवाली पण वगळतो. तिथे एकच ओळ, पण ती कामाची हवी. मेमरी कोणाची, म्हणजे ती मोकळी कोणी करायची, हे मात्र कधीच सोडू नको. किलोमध्येच बघ, सगळ्या ओळी जोडून एक स्ट्रिंग देणारं फंक्शन आहे, त्याच्या कमेंटमध्ये स्पष्ट आहे की स्ट्रिंग हीपवर (मागून घेतलेल्या, नंतर मोकळी करायच्या मेमरीत) आहे आणि दिलेली लांबी शेवटचा शून्य बाइट सोडून आहे. ते "सोडून" लिहिलं नसतं तर कुणीतरी तो शून्य बाइट पण फाइलमध्ये लिहून मोकळा झाला असता.

डॉक्सिजन टॅग आत्ता नको. ते टॅग भरायचे म्हणून माणूस "फाइलनेम : फाइलचं नाव" असं लिहितो, तुझी जी तक्रार आहे ना तीच परत दुसऱ्या रूपात. कधी वेबसाइट बनवायची ठरली तर तेव्हा बघता येईल.

मराठीबद्दल, मी स्वतः आधी मराठीतच लिहिते. शेजारी बसलेल्याला जसं सांगू तसं. "हे बघ, हे फसलं तर जुनी फाइल तशीच राहते, घाबरू नको." मग तेच इंग्रजीत करते. सरळ इंग्रजीत लिहायला बसलं की मी शाळेतल्या निबंधासारखं लिहायला लागते आणि नेमकं सांगायचं ते राहून जातं. रेपो पब्लिक करणार असशील तर शेवटी इंग्रजी ठेव, पण तुम्हा दोघांपुरतं असेल तोवर मराठी ठेवायला काहीच हरकत नाही, कंपायलरला कमेंटमधल्या देवनागरीने काही फरक पडत नाही.

शून्य_आणि_एक

मराठीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगतो जी तुझ्या कमेंटमध्ये यायलाच हवी आणि मराठी माणूस सोडून दुसऱ्या कुणाच्या लक्षात येणार नाही. फाइलच्या नावाची लांबी.

लिनक्सवर एका फाइलनावाची मर्यादा सहसा २५५ असते, पण ती *बाइट* आहेत, अक्षरं नाहीत. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, म्हणजे मात्रा, वेलांटी, हलंत धरून फक्त ८५ चिन्हं. आणि तू लॉकफाइल बनवतोस म्हणालास, तिच्या नावाला पुढे एक टिंब आणि मागे टिंब-एसडब्ल्यूपी लावत असशील तर ५ बाइट गेले, म्हणजे २५०. मग असं होतं की फाइल उघडते, पण तिची लॉकफाइल बनत नाही कारण नाव मोठं झालं, आणि फंक्शन सांगतं "लॉक मिळालं नाही", वापरणाऱ्याला वाटतं दुसरं कुणी उघडून बसलंय. आपल्याकडे लोक फाइलला "कार्यकारिणी बैठकीचा इतिवृत्तांत दुरुस्त अंतिम" अशी नावं देतात, हे काही लांबचं उदाहरण नाही. तेव्हा कमेंटमध्ये लिही की लांबी बाइटमध्ये मोजली आहे आणि नाव मावलं नाही तर काय परत येतं.

त्याहून अवघड म्हणजे आपला ऱ. "वाऱ्यावर"मधला. युनिकोडमध्ये तो स्वतंत्र एक चिन्ह आहे, ३ बाइट. पण तोच र आणि खाली नुक्ता असा फोडूनही लिहिता येतो, मग ६ बाइट, आणि युनिकोडच्या नियमाने हे दोन्ही सारखेच मानले जातात. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइलसिस्टीम नावं अशी फोडूनच साठवायची. लिनक्सची साधी ईएक्सटी४ मात्र बाइट बघते, तिच्या दृष्टीने ही दोन वेगळी नावं. एकाच फोल्डरमध्ये स्क्रीनवर अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन फाइल असू शकतात! आणि एवढ्यावर भागत नाही, तोच अर्धा र साधा र, हलंत आणि झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह) अशा तिसऱ्या पद्धतीनेही टाइप होतो, तो तर नॉर्मलाइज करूनही, म्हणजे सारखी मानलेली रूपं एकाच रूपात आणूनही, पहिल्याशी जुळत नाही.

तू हे सगळं सोडवायलाच पाहिजेस असं मी म्हणत नाही. पण "ही फाइल आधीच उघडलेली आहे का" हे तपासणारं फंक्शन असेल ना तुझ्याकडे, त्याच्या डोक्यावर एक ओळ टाक: नावांची तुलना बाइटनिहाय होते, नॉर्मलाइज केलेलं नाही. आणि जमलं तर नावाऐवजी डिव्हाइस आणि आयनोड नंबर बघ, तो प्रश्नच मिटतो.

पहाटवारा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. काल रात्री सेव्ह फंक्शनची कमेंट कातळ दादांच्या पद्धतीने लिहायला बसलो, मधुमालती ताईंनी सांगितल्यासारखी आधी मराठीत. "फसलं तर बदल-फ्लॅग जसाच्या तसा राहतो" असं लिहिलं आणि मग म्हटलं बघू तरी खरंच राहतो का. नाही राहत!! माझ्या कोडमध्ये राइट झाल्या झाल्या फ्लॅग शून्य करतोय, आणि एफसिंक आणि क्लोज त्याच्या नंतर आहेत, आणि क्लोजचं उत्तर तर मी तपासतच नव्हतो. म्हणजे एफसिंक फसलं तर फंक्शन -२ देतं पण एडिटरला वाटतं की सगळं सेव्ह झालंय, आणि बाहेर पडताना "सेव्ह करायचं का" हे विचारतच नाही. तीन महिने हा बग तिथे होता आणि मी रोज त्यातच असाइनमेंट लिहितोय. रात्री एक वाजता दुरुस्त केला.

मग झोप लागेना म्हणून उघडणाऱ्या फंक्शनकडे गेलो. तिथे लिहिलं "फाइल जशी आहे तशी बफरमध्ये आणते". तेही खरं नाही. शेवटच्या ओळीनंतर नवी ओळ नसेल तर सेव्ह करताना माझा कोड ती घालतो, आणि विंडोजवाल्या ओळी असतील तर त्यांच्या शेवटचं कॅरेज रिटर्न हे जादा चिन्ह गळून जातं. म्हणजे नुसती उघडून सेव्ह केली तरी फाइल बदलते. हे आत्ता सुधारायला वेळ नाही, पण निदान कमेंटमध्ये खरं काय ते लिहून ठेवलंय.

शून्य_आणि_एक, आयनोडवाली आयडिया घेतली. त्या फंक्शनच्या निम्म्या ओळी कमी झाल्या.

डेक्कन_क्वीन

छान चाललंय, पण एक काळजी वाटते म्हणून लिहिते. आज कमेंट खरी आहे, चार महिन्यांनी ज्युनिअर कोड बदलेल आणि कमेंट तशीच राहील, आणि चुकीची कमेंट ही कमेंट नसण्यापेक्षा वाईट, कारण तिच्यावर माणूस विश्वास ठेवतो. म्हणून तू "फसलं तर" म्हणून जे जे वाक्य लिहिलंयस त्या प्रत्येकाची टेस्ट लिही. डिस्क भरण्याची टेस्ट करायला खरी डिस्क भरायची गरज नाही, ६४ केबीची टीएमपीएफएस (मेमरीतली तात्पुरती डिस्क) माउंट कर, तिथे मोठी फाइल सेव्ह करायला लाव, आणि तपास की जुनी फाइल आहे तशीच आहे, टेंपररी उरलेली नाही, आणि फ्लॅग चढलेला आहे. फक्त राइटची एरर बघायची असेल तर लिनक्सवर डेव्हमध्ये फुल नावाचं डिव्हाइस असतं, त्यात लिहिलं की दरवेळी डिस्क भरल्याचीच एरर येते, पण तू टेंपररी-रीनेमवाला असल्याने तुला टीएमपीएफएसच उपयोगी पडेल. डिरेक्टरीची लिहायची परवानगी काढून -१ येतो का तेही बघ, हे मात्र रूट म्हणून चालवू नकोस, रूटला परवानगीची अडचण येतच नाही आणि टेस्ट उगाच फेल दिसेल.

कमेंटमध्ये टेस्टचं नाव टाकायचं की नाही यावर लोकांची मतं वेगळी आहेत, मी टाकते.

कातळ

पहाटवारा, बग सापडला हे वाचून फार बरं वाटलं. क्लोज तपासतोयस हेही उत्तम, नेटवर्कवरच्या डिस्कवर कोटा संपल्याची एरर कधी कधी थेट क्लोजलाच कळते.

एक भर घाल. एफसिंक फसलं तर बोलावणाऱ्याला वाटेल की परत एकदा नुसतं एफसिंक करून बघू. ते चालत नाही. २०१८ मध्ये पोस्टग्रेस डेटाबेसच्या लोकांना हे चांगलंच जाणवलं होतं, लिनक्सवर एफसिंक एकदा फसलं की कर्नल ती पानं (मेमरीतले डेटाचे तुकडे) स्वच्छ, म्हणजे लिहून झालेली, मानू शकतं आणि दुसऱ्या खेपेला एफसिंक यशस्वी म्हणून सांगतं, डेटा मात्र डिस्कवर गेलेलाच नसतो. तुझ्या कोडमध्ये टेंपररी फाइल काढून पुन्हा पहिल्यापासून लिहिली जाते म्हणून तू सुरक्षित आहेस, पण तसं का केलंय ते एका ओळीत लिही. आणि लाइट गेली तरी नवं नाव टिकायला हवं असेल तर रीनेमनंतर डिरेक्टरीवरही एफसिंक लागतं. तू करत नसशील तर "करत नाही" असं लिही, तेही चालेल, बहुतेक लोकांना एडिटरमध्ये तेवढं पुरतं.

पहाटवारा

करत नाही, लिहून टाकतो. डेक्कन_क्वीन ताई, टीएमपीएफएसची टेस्ट आत्ताच ज्युनिअरला दिली, त्याला खूप आवडली.

आता लॉकफाइलवर अडकलोय. माझ्या लॉकमध्ये फक्त पीआयडी (चालू प्रोसेसचा नंबर) लिहितो, आणि फंक्शन बघतं की त्या नंबरची प्रोसेस जिवंत आहे का, नसेल तर लॉक शिळं समजून काढतं. कमेंट लिहिताना लक्षात आलं की कॉलेजच्या लॅबमध्ये होम फोल्डर नेटवर्कवर आहे, लॉक दुसऱ्या मशीनवरून लागलं असेल तर त्या पीआयडीला माझ्या मशीनवर काही अर्थच नाही. हे कमेंटमध्ये लिहून सोडू का कोड बदलू?

मधुमालती

कोड बदल, हे लिहून सोडण्यासारखं नाही, यात दुसऱ्याचं काम पुसलं जाईल. ईमॅक्सची लॉक म्हणजे टिंब-हॅशने सुरू होणारी सिमलिंक असते आणि ती ज्याकडे बोट दाखवते त्या मजकुरात युजर, होस्ट (मशीनचं नाव) आणि पीआयडी तिन्ही असतात. तूही होस्ट लिही. होस्ट आपला असेल तरच पीआयडी तपास, वेगळा असेल तर लॉक जिवंत धर आणि वापरणाऱ्याला विचार. कमेंटमध्ये मग इतकंच: दुसऱ्या होस्टचं लॉक हे फंक्शन स्वतःहून कधीच काढत नाही.